आयर्विनला किती

विद्यापीठाच्या फॉर्मवर विषय लिहिला
पर्यावरणाचं राजकारण,
तेव्हा बाबा म्हणाले, दोन्हीत पगार नाही.
मग स्वतःच हसले
आणि मुठीतलं थोडं भडंग माझ्या वहीवर सांडलं.

आमच्या सांगलीत नदीची उंची
घरातल्या आजाऱ्याच्या तापासारखी विचारतात:
आयर्विनला किती?
एकतीस. छत्तीस.
चाळीसला किराणावाले पोती माळ्यावर टाकतात,
बेचाळीसला म्हशी निघतात,
त्यापुढचे आकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

मुजावर मॅडम फळ्यावर एक आडवी रेष ओढतात.
ही पूररेषा, म्हणतात, आता सांगा,
ही नदीनं काढली का माणसानं?
वर्ग गप्प. पंखा किरकिरतो.
मी समासात लिहिलं: माणसानं.
त्याच्या खाली, चौकट करून: कोण?

तीन महिने हिंडले प्रश्नावली घेऊन.
पाणी किती दिवस होतं. सूचना मिळाली का.
मिळाली असल्यास कोणाकडून.
चौगुल्यांच्या चंपाकाकूंनी
भिंतीवरच्या चिखलाच्या कडेवर बोट ठेवलं,
कॅलेंडर बरोब्बर तिच्या वर टांगलेलं.
म्हणाल्या, समोरचा प्लॉट बघ.
त्यो बी तेवढाच बुडतोय.
पर कागदावर कोरडा हाय.
लिही की तुझ्या त्या कागदात,
कोरडा हाय म्हणून.

लिहिलं.
माहिती अधिकारात अर्ज टाकला,
दोनदा आठवण केली, शिपायाला चहा पाजला,
आणि नकाशाची नक्कल हातात आली
अजून झेरॉक्सच्या उबेत.

निळी रेषा नदीच्या बरोबरीनं येते
मळीच्या कडेकडेनं,
स्मशानाला वळसा घालून,
अगदी शहाण्या मुलीसारखी.
आणि एका जागी
जिथं ना उंचवटा, ना ओघळ,
ती वळते. बारीकशी.
ताटातली मिरची कुणी कडेला सारावी
तसा एक प्लॉट बाहेर ठेवून
परत सरळ चालू लागते.

खाली उजव्या कोपऱ्यात
आरेखक: ने. भ. मगदूम.
भ ची गाठ जरा मोठी.
ओळखायला वेळ लागला
असं म्हणायला आवडलं असतं मला.
त्याच हातानं माझा हात धरून
पाटीवर भ गिरवून घेतला होता.

रात्री जेवताना नकाशा काढला नाही.
विचारलं एवढंच,
ट्रेसिंगवर चूक झाली तर काय करायचा तुम्ही?
ब्लेडनं हलकं खरवडायचं, ते म्हणाले,
मग नखानं घोटायचं, नाहीतर शाई पसरते.
आमटी वाढून घेतली.
आणि साहेब म्हणाले तर
चूक नसलेलं पण खरवडायचं.
आई म्हणाली, भात घ्या.
त्यांनी आपल्या अंगठ्याचं नख पाहिलं.
मी पाहतेय हे पाहिलं.

तिसरं प्रकरण अडून बसलंय.
मॅडमनी लाल पेनानं खूण केली आहे:
रेषा वळवण्यात आली.
बाजूला एकच शब्द, कर्ता?
व्याकरण मला शाळेत कधी जड गेलं नव्हतं.

काल ऑफिसची जुनी डायरी
माझ्या टेबलावर सापडली. कुणी ठेवली
विचारायची गरज नव्हती.
एका पानाला कोपरा दुमडलेला,
त्यावर तारीख, साहेबांचं पूर्ण नाव,
आणि शिसपेनीनं आजच लिहिलेलं:
आधी त्यांचं घाल, मग माझं.
माझं गाळू नको.

पहाटे चारला वाक्य फिरवून घेतलं.
दोन नावं आली, पदांसकट.
दुसऱ्या नावाशी पेन रेंगाळलं.
माझ्याही भ ची गाठ मोठी येते,
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

खाली गल्लीत कुणीतरी गाडी थांबवून
कुणालातरी विचारलं, किती?
अडतीस.
आणि वरून सोडलंय म्हणे.